क्षेत्र, बीज आणि माता

विवाह ठरविताना गोत्राबरोबर सापिंड्यही पाहण्याचा आपल्याकडे परिपाठ होता. पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्या ओलांडल्यावाचून वधूवरांचा संबंध जुळवू नये, असा तो दंडक. या दंडकाच्या मुळाशी शारीरशास्त्रातला एक प्रश्न आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. सपिंड म्हणजे ज्यांचा पिंड एक आहे ते. पण पिंड म्हणजे काय? श्राद्धात अर्पण केलेला भाताचा गोळा, की देह? बंगालच्या जीमूतवाहनाने पहिला अर्थ घेतला. चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी असताना, याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दुसरा घेतला. हे कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. विक्रमादित्याची कारकीर्द १०७६ ते ११२६ अशी असल्याने मिताक्षरेला आता सुमारे नऊशे वर्षे झाली.

विज्ञानेश्वराचे म्हणणे असे, की एका शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले ते सपिंड होत. पुत्रात पित्याच्या देहाचा अंश असतो, तसाच मातेच्याही देहाचा असतो. म्हणून आजोळची माणसेही आपली सपिंड ठरतात. यासाठी त्याने गर्भोपनिषदाचा आधार घेतला आहे. देह सहा कोशांचा असतो; अस्थी, स्नायू व मज्जा ही तीन पित्याकडून येतात आणि त्वचा, मांस व रक्त ही तीन मातेकडून. तीन आणि तीन. वाटणी अगदी समसमान आहे. मग पिढ्या मोजताना बापाकडे सात आणि आईकडे पाच का, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर त्या सहा कोशांत सापडत नाही. वचन तसे आहे, एवढेच सांगता येते.

माता अपत्याला काय देते, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी विचारला नव्हता असे नाही. तो वारंवार विचारला गेला, आणि त्याला दोन निरनिराळी उत्तरे एकाच वेळी नांदत राहिली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. शेतात जे पेरावे तेच उगवते. भुईच्या गुणाने भाताचा नाचणा होत नाही, असा या उपमेचा रोख. क्षेत्रज पुत्राची सारी कल्पना तीतूनच निघाली: शेत ज्याचे, पीक त्याचे. गंमत अशी, की त्याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पुरुषाचा अंश अधिक झाल्यास मुलगा आणि स्त्रीचा अधिक झाल्यास मुलगी होते, असेही सांगितले आहे. म्हणजे तेथे स्त्रीलाही स्वतःचे बीज आहे. एकाच ग्रंथातली ही दोन मते कोणी जुळवत बसले नाही. वारसा आणि मालकी यांचा विचार करायचा तेव्हा क्षेत्र पुढे आले. मुलगी झाली तेव्हा स्त्रीचे बीज आठवले.

वैद्यांचे मत धर्मशास्त्रकारांहून अधिक सावध होते. सुश्रुताने गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. अंबू म्हणजे पाणी, अर्थात पोषणाचा रस. येथेही शेताचीच उपमा आहे. परंतु क्षेत्र म्हणजे गर्भाशय, समग्र स्त्री नव्हे. गर्भातल्या मृदू वस्तू मातेच्या आणि कठीण वस्तू पित्याच्या, ही वाटणी चरक व सुश्रुत या दोघांतही आढळते. चरकाने तर त्यापुढे जाऊन बीजाचे भाग आणि त्या भागांचेही अवयव कल्पिले, आणि बीजाचा जो भाग दूषित असेल त्यातून निपजणारा अवयव तेवढा बिघडतो, असे लिहिले. मातेच्या अंशातील गर्भाशय घडविणारा भाग दूषित असल्यास होणारी कन्या वंध्या निपजते, हे त्याचे उदाहरण. यात आधुनिक आनुवंशशास्त्र शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. परंतु दोष नेमका कोठे आहे हे विचारण्याची बुद्धी यात आहे, आणि ती मोलाची आहे.

या वैद्यांनी शरीर पाहिले होते. सुश्रुताने शवाची परीक्षा कशी करावी ते सांगून ठेवले आहे: प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंच्याने एकेक थर खरवडीत जावे. गर्भशय्येचा आकार रोहित माशाच्या तोंडासारखा, हे वर्णन अशा डोळ्यांनीच केलेले आहे. पण जे त्यांना हवे होते ते कोणत्याही कुंच्याने दिसणारे नव्हते. मानवी स्त्रीबीजाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. सुईच्या टोकाने कागदावर उमटविलेला ठिपकाही त्याहून मोठा भरेल.

बीज दिसले नाही, तेव्हा रक्ताकडे पाहिले गेले. गर्भ राहिला की मासिक रजःस्राव थांबतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. मग ते रक्त जाते कोठे? गर्भाच्या देहाला लागत असले पाहिजे. हे अनुमान इतके सहज आहे, की परस्परांचे नावही न ऐकलेल्या समाजांनी ते स्वतंत्रपणे केले. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त हाच: पुरुष आकार देतो, स्त्रीचे रक्त हे केवळ द्रव्य. त्याच्याही शंभरएक वर्षे आधी, इ. स. पू. ४५८ मध्ये, ईस्किलस या नाटककाराने आपल्या एका नाटकात अपोलो देवाच्या तोंडून माता ही जन्मदात्रीच नव्हे, पेरलेल्या बीजाची ती केवळ दाई होय, असे वदवून मातृवधाच्या आरोपीची सुटका करविली. क्षेत्राची उपमा कोठवर नेता येते, याचे हे टोकाचे उदाहरण. आपल्याकडे ती इतकी लांब गेली नाही.

आपल्याकडे रक्ताच्या या सिद्धान्ताला एक वेगळेच वळण लागले. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला जन्मदुःखनिरूपणाचा समास पुष्कळांच्या नित्यपाठात असतो. रजस्वलेचा विटाळ आळून त्याचा जो गाळ झाला त्याचेच हे शरीर, असे समर्थ तेथे सांगतात. हेतू वैराग्याचा आहे. देहाचा अभिमान उतरावा हा. सोयराबाईंच्या अभंगात तोच धागा निराळ्या हाताने धरलेला दिसतो. विटाळावाचून देहाची उत्पत्ती नाही, मग सोवळा कोण, असा त्यांचा पांडुरंगालाच प्रश्न. एकाच शारीरविषयक समजुतीतून एकाने विरक्ती काढली, दुसरीने समता काढली, आणि घराघरांतल्या आचाराने चार दिवसांचे बाजूला बसणे काढले. ही समजूत शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची होती, हे आज निश्चित ठाऊक आहे.

गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या देवळांत मात्र या सर्वांहून जुने असे काही शिल्लक आहे. अनेक गावी सातेरीचे स्थान म्हणजे मूर्ती नसून वारूळ असते. कोंकणीत आपण त्याला रोयण म्हणतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ च्या ग्रंथात वारूळ हे भूमीच्या योनीचे प्रतीक कसे, याचे विवेचन केले आहे. येथे क्षेत्र हे दुय्यम नाही; तेच दैवत आहे. आसामात कामाख्येला आषाढात अंबुवाची पाळतात. देवी रजस्वला आहे म्हणून देऊळ तीन दिवस बंद असते आणि चौथ्या दिवशी दर्शनाला गर्दी लोटते. देवळाच्या ज्या खोलीत देव बसतो तिला आपण गर्भगृह म्हणतो, त्या शब्दाचाही येथे विचार व्हावा. भक्तीने जे मानले ते व्यवहाराने मानले नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बीज सापडले कसे ते पाहू. ही कथा युरोपातली आहे, आणि ती वाटते तितकी सरळ नाही. तेथील वैद्य शतकानुशतके गॅलेनच्या मताने चालत होते. स्त्रीची इंद्रिये म्हणजे पुरुषाचीच, आत वळलेली, असे गॅलेन मानीत असे. त्यामुळे अंडाशयाला स्त्रीचे वृषण म्हणण्याचा प्रघात होता. मध्ययुगात तर गर्भाशयाला सात कप्पे असतात, उजवीकडचे मुलांचे, डावीकडचे मुलींचे, अशी समजूत विद्यापीठांतही होती. १५६१ साली इटलीच्या गाब्रिएले फालोप्पिओने गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, टोकाशी कर्ण्यासारख्या फुललेल्या नळ्यांचे वर्णन केले. त्यांना आजही त्याचे नाव आहे. त्या कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेने राजा चार्ल्सच्या उपवनातल्या हरिणी माजाच्या ऋतूनंतर एकामागून एक फाडून पाहिल्या. कित्येक आठवडे गर्भाशयात काहीच दिसेना. सर्व प्राणी अंड्यातून होतात, असे त्याने १६५१ साली लिहिले खरे; पण ते अंडे त्याने पाहिले नव्हते.

हॉलंडच्या डेल्फ्ट गावातला रेनिये द ग्राफ हा तरुण वैद्य सशिणींवर काम करीत होता. मीलनानंतर ठरावीक दिवसांनी त्याने त्या तपासल्या. अंडाशयावर फुटलेली पुटके किती आणि पुढे नळीत वा गर्भाशयात आढळणारे गोलक किती, हे त्याने मोजले. दोन्ही आकडे जुळत होते. १६७२ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि स्त्रीचे ते इंद्रिय वृषण नसून पक्ष्यांच्या अंडाशयासारखे अंडाशय आहे, हे मत दृढ झाले. पुटक म्हणजेच अंडे असे त्याला वाटले, तेवढे चुकले. पण नळीत सापडणारा गोलक पुटकाहून लहान असतो, ही अडचण त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो वारला. जाण्यापूर्वी त्याने आपल्याच गावच्या लेव्हेनहूक नावाच्या एका कापडविक्याची लंडनच्या रॉयल सोसायटीला ओळख करून दिली होती, कारण हा गृहस्थ उत्तम भिंगे घाशीत असे. त्याच लेव्हेनहूकने १६७७ साली पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे जंतू पाहिले, आणि पारडे पुन्हा उलट फिरले. त्या जंतूच्या डोक्यात संपूर्ण मनुष्य इवलासा होऊन बसला आहे, अशी चित्रे निघाली. माता पुन्हा क्षेत्र झाली! सूक्ष्मदर्शक हाती असूनही जुनी उपमा डोळ्यांवरून उतरली नाही.

खरे स्त्रीबीज दिसावयास आणखी दीडशे वर्षे लागली. १८२७ साली क्योनिग्सबर्ग येथे कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने आपल्या सहकाऱ्याच्या घरची कुत्री तपासासाठी घेतली. अंडाशयातल्या पुटकात त्याला एक पिवळसर ठिपका दिसला. पुटक उघडून तो ठिपका त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिले, आणि वीज पडल्यासारखा मागे सरला. दुसऱ्यांदा पाहण्याचा धीर करावा लागला, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली. १८७६ साली हर्टविगने समुद्री अर्चिनाच्या अंड्यात पुरुषबीजाचे केंद्रक स्त्रीबीजाच्या केंद्रकाशी एकरूप होते, हे दाखविले. १८८३ साली बेल्जियमच्या फान बेनेडेनने घोड्याच्या पोटातील जंताच्या अंड्यांत गुणसूत्रे मोजली. मातेकडून दोन, पित्याकडून दोन. विज्ञानेश्वराचे तीन कोश आणि तीन कोश येथे निराळ्या रूपाने उभे राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण वाटणीचा आकडा त्याने बरोबर सांगितला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

या बीजाचा महिन्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. ओटीपोटात, लहानशा उलट्या नासपतीएवढ्या गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीच्या प्रेरणेने दर महिन्यास त्यांतली काही पुटके वाढू लागतात. बहुधा एकच पुरे पिकते आणि फुटते. नळीच्या झालरीसारख्या टोकाने बीज आत ओढले जाते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीजे मात्र चारपाच दिवस वाट पाहू शकतात. दोघांची गाठ नळीच्या बाहेरच्या भागात पडते, गर्भाशयात नव्हे, आणि तेथून गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्यास साधारण एक आठवडा जातो. दरम्यान फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो. त्याचा स्राव गर्भाशयाचे अस्तर मऊ आणि रक्तपूर्ण ठेवतो. गर्भ राहिला नाही, तर सुमारे चौदा दिवसांनी पीतपिंड सुकतो, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ते गळून पडते. हाच रजःस्राव. १९४० साली मार्की या अमेरिकी संशोधकाने माकडिणीच्या डोळ्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे रुजवून, पारदर्शक पडद्यातून हा सारा क्रम प्रत्यक्ष पाहिला. साऱ्या पाळीत जाणारे रक्त बहुधा दोनतीन मोठे चमचे भरते. ते साठून मूल होत नाही, आणि ते विषही नव्हे. पाहुण्यासाठी केलेली बिछायत पाहुणा न आल्याने उचलावी, तसा हा प्रकार आहे. गर्भाचे रक्त त्याचे स्वतःचे असते. वारेच्या पातळ पडद्याआडून देवघेव होते, पण आईचे रक्त त्याच्या शिरांत जात नाही.

विटाळाच्या कल्पना आपल्याच समाजात होत्या असे समजून कोणी लाजू नये. रोमचा प्लिनी लिहून गेला की रजस्वलेच्या स्पर्शाने नवा द्राक्षरस आंबतो. १९२० साली व्हिएन्नाच्या बेला शिक या नामांकित डॉक्टराने, रजस्वला दासीच्या हातात फुले कोमेजली म्हणून, तिच्या घामात विशेष विष असते असा सिद्धान्त मांडला. तो पुढे टिकला नाही.

ऋतुकालाच्या बाबतीत मात्र आपले जुने वैद्य युरोपच्या डॉक्टरांपेक्षा सत्याच्या जवळ होते. सुश्रुताने ऋतू बारा रात्रींचा मानला. मनू व याज्ञवल्क्य यांनी पहिले चार वर्ज्य दिवस धरून सोळा रात्रींचा. दिवस मावळता कमळ मिटते त्याप्रमाणे त्यानंतर गर्भद्वार मिटते, ही सुश्रुताची उपमा. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते. म्हणजे शास्त्राने सांगितलेल्या रात्रींत तो काळ बसतो. उलट एकोणिसाव्या शतकातले युरोपीय डॉक्टर कुत्रीच्या माजावरून स्त्रीचे अनुमान करीत आणि पाळीच्या आगेमागेच गर्भ राहतो, मधले दिवस निर्धोक, असे जोडप्यांना सांगत. त्यांच्या सल्ल्याने किती पाळणे हलले असतील ते देव जाणे. ही चूक निस्तरली ती जपानच्या निईगाता येथील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली, आणि त्यानंतर लवकरच ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाऊस यांनी. शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशये तपासून ओगिनोंनी ठरविले, की बीज पुढच्या पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवसांत सुटते. मागच्या पाळीपासून पुढे मोजण्यापेक्षा येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावे, ही त्यातली मेख. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, या मनुवचनाला मात्र कोणताही आधार सापडलेला नाही.

मुलगा की मुलगी याचा निर्णय १९०५ साली लागला. पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीत वीसही गुणसूत्रे मोठी होती. नरात एकोणीस मोठी आणि एक लहान. ते लहान गुणसूत्र ज्या पुरुषबीजात आले त्यापासून नर होतो. मनुष्यातही तत्त्व हेच आहे: मातेचे प्रत्येक बीज या बाबतीत सारखे असते, फरक पित्याच्या बीजात असतो. मुलींवर मुली होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना हे कळावयास हवे होते. एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी असाच निष्कर्ष काढला आणि पुष्कळ काळ श्रेय त्यांनाच मिळत राहिले.

याच्या बरोबर पंचवीस वर्षे आधी, १६ डिसेंबर १८८० रोजी, पोर्तुगीज सरकारने गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांचा कायदा प्रसिद्ध केला. पहिली पत्नी हयात असता हिंदू पुरुषाला दुसरे लग्न केव्हा करता येईल, याच्या अटी त्यात घातल्या. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्यच झाले नसल्यास. किंवा तीस वर्षे पुरी होऊन मुलगा झाला नसल्यास. तिचे वय त्याहून कमी असल्यास शेवटच्या गर्भारपणाला दहा वर्षे लोटली असली पाहिजेत. हे कलम वाचताना मला मनूचे क्षेत्र स्पष्ट दिसते. पीक आले नाही तर दोष भुईचा. बियाणे पारखण्याची अट कोठेच नाही. पतीची तपासणी व्हावी, अशी सूचना त्या काळी कोणाला सुचली नसती हे खरे. आज वैद्यकाला ठाऊक आहे, की मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत दोष सर्वस्वी वा अंशतः पुरुषाकडे असतो. ज्या स्त्रिया त्या कलमाखाली सवत पाहून कोपऱ्यात गेल्या, त्यांच्यापैकी कितीजणी वस्तुतः निर्दोष होत्या हे आता कोण सांगणार? वांझ हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलाच लागतो. वांझ पुरुष असे कोणी म्हणत नाही. चरकाला मात्र पुरुषाच्याही बीजाचे दोष माहीत होते, आणि त्याने त्यांच्यावर चिकित्सा सांगितली आहे.

इंग्रजी अमलाखालच्या मुलखात वाद वेगळ्या ठिकाणी पेटला. १८६० च्या दंडविधानाने संमतीचे वय दहा ठरविले होते. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहाअकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगाने झालेल्या जखमेने मरण पावली. १८९१ च्या मार्चमध्ये वय बारा करणारा कायदा झाला. सनातनी पक्षाचे म्हणणे असे, की पहिल्या ऋतूलाच गर्भाधान झाले पाहिजे. ऋतू व्यर्थ दवडणे हे भ्रूणहत्येसमान. सुधारणा समाजाने स्वतः करावी, परक्या सरकारने कायद्याने नव्हे, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. मालवणात जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वचनामागून वचन तपासून, शास्त्र असा सक्तीचा आग्रह धरीत नाही, हे दाखविले. आणि सुश्रुत तर स्पष्टच बोलला होता. सोळा वर्षांखालील मुलीला पंचविशीच्या आतल्या पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच नासतो. जन्मला तरी फार जगत नाही, जगला तरी दुबळा राहतो. स्वामी दयानंदांनीही 'सत्यार्थप्रकाशा'त हाच आधार घेतला. पंचविशीची अट सोडली तर त्यामागचे कारण आज सांगता येते. न्हाण येणे ही सुरुवात आहे, पूर्णता नव्हे. त्यानंतरही काही वर्षे कटीची हाडे रुंदावत असतात, आणि पहिल्या पुष्कळ पाळ्यांत बीज सुटतही नाही. पहिल्या ऋतूसाठी हट्ट धरणाऱ्यांच्या हट्टाला शरीराची साथ नव्हती.

हा वाद पुरुष करीत होते. ज्यांच्या शरीराविषयी तो होता त्यांच्यापैकी एकीने त्यापूर्वीच आपले म्हणणे दुसऱ्या खंडात मांडले होते. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवसांचा होऊन गेला. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. सुश्रुतादी ग्रंथ त्यांनी परदेशी परीक्षकांपुढे ठेवले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. एकही दवाखाना त्यांच्या हातून चालला नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सासरी जाण्यास कोर्टात नकार देणाऱ्या रखमाबाईंनी लंडनला वैद्यक शिकून सुरतेत वर्षानुवर्षे बाळंतपणे केली. स्टीव्हन्सबाईंचे ब्रिन मॉर हे फिलाडेल्फियाला लागूनच आहे, ही गोष्ट वाचताना सहज ध्यानात येते. आनंदीबाई जगत्या तर चाळिसाव्या वर्षी त्यांनी ते निबंध वाचले असते.

मराठीत हे सारे सामान्य वाचकाला सांगण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी अंगावर घेतले. गणिताचे प्राध्यापक, नोकरी गेली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक. त्यांची अनेक मते आपल्यापैकी पुष्कळांना पटणारी नाहीत, धर्माविषयीची तर मुळीच नाहीत. परंतु गर्भाशय कोठे असते, पाळी का येते, मूल न होण्यात दोष कोणाचा असू शकतो, हे ज्यांना विचारावयास जागा नव्हती त्यांना ती येथे मिळाली. अश्लीलतेचा पहिला खटला त्यांच्यावर १९३१ साली झाला. दुसरा, १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला. मासिक चालूच राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. 'समाजस्वास्थ्या'चा शेवटचा अंक नोव्हेंबरात निघाला.

विज्ञानेश्वराच्या सापिंड्याकडे पुन्हा वळून एक गोष्ट नोंदवितो, कारण ती आपल्या श्राद्धप्रयोगाला लागून आहे. पुरुषाची बीजे आयुष्यभर नवी तयार होत राहतात. स्त्रीची मात्र ती जन्मण्यापूर्वीच तयार होतात. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयांत साठसत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहावीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीनचार लाख, आणि त्यांतली चारशेच्या आसपास आयुष्यात पिकून सुटतात. म्हणजे ज्या बीजापासून आपण झालो ते आपली आई आजीच्या उदरात असतानाच घडले होते. महालयात आपण मातामहाबरोबर मातामहीलाही पिंड देतो. आपल्या देहाच्या अर्ध्या बीजाने काही महिने तिच्या पोटात काढलेले असतात.